माळवदाच्या फळ्यांची उचल व छेद : हत्यारांची निवड आणि कामाचा क्रम

१. विषयाची व्याप्ती

लाकडी जमिनीच्या फळ्या उचलणे व कापणे हा विषय पाश्चात्त्य बांधकामविषयक ग्रंथांत सुतारकामाच्या प्रकरणात येतो. तेथील घरांत फळी तुळयांवर ठोकलेली असते, तिच्यावर माणसे वावरतात आणि तिच्याखाली नळ किंवा विजेच्या तारा असतात. फळी उचलावयाची ती बहुधा या तारा-नळांसाठीच. साहजिकच तेथील विवेचन पहिली फळी कोणती व कशी काढावी या प्रश्नापासून सुरू होते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील जुन्या घरांना हे विवेचन जसेच्या तसे लावता येत नाही. येथील फळी बहुतांशी डोक्यावर असते. ती माळवदाचा भाग असून तिच्या पाठीवर मातीचा जाड थर असतो. वाड्याच्या माडीची जमीनही पुष्कळदा याच रीतीने, फळीवर माती घालून व चोपून केलेली आढळते. त्यामुळे येथे पहिला प्रश्न फळीचा नसून फळीवरील भाराचा आहे. कोणते हत्यार वापरावे याचा निर्णय भार, फळीची बांधणी आणि काढलेल्या फळीचा पुढील उपयोग या तीन गोष्टी ठरल्यावरच घेता येतो. हा क्रम उलटा झाला तर लाकडाची नासाडी होते आणि प्रसंगी माणसे दगावतात. प्रस्तुत लेखात या क्रमाचे विवेचन केले आहे.

२. माळवदाची रचना

माळवदाच्या घराचे मोजमाप खणांवर चालते. चार खांबांमधील चौकोनी जागा म्हणजे एक खण. त्याची बाजू साधारणपणे पाच ते सहा फूट असते. उथाळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या अथवा बारीक लाकडांच्या किलचा, असा हा सांगाडा असतो. त्यावर ठिकठिकाणच्या चालीप्रमाणे झाडपाला किंवा काटक्या पसरतात आणि वर माती घालून ती चोपतात. ही माती शेतातील काळी नसते. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून गावठाणातील पांढरी माती वापरण्याचा प्रघात पडला. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी माळवदात साणे ठेवलेले असते आणि पाणी जाण्यासाठी कडेला पन्हाळी बसवलेल्या असतात.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर या भागांत सागाची वने आहेत. लातूरच्या पठारावर वनक्षेत्र अत्यल्प आहे. या भेदाचा परिणाम लाकडावर झालेला दिसतो. सधन घरांत साग, तर सामान्य घरांत बाभूळ, कडुनिंब व जे मिळेल ते लाकूड, असे मिश्रण एकाच माळवदातही सापडते. हत्यार निवडताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. कारण शेजारशेजारच्या दोन फळ्या एकाच घावाला सारखा प्रतिसाद देतीलच असे नाही.

मातीचा थर मुळात जाड असतो आणि गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा माती टाकली जाते. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या तो वाढत जातो. दीड ते अडीच फूट जाडीचे थर असामान्य नाहीत. पाच फूट बाजूच्या खणावर दोन फूट माती असेल तर तिचे घनफळ ५० घनफूट होते. एका घनफुटास सुमारे १०० पौंड धरले तर एका खणावरील भार ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टन येतो. आठ खणांच्या मध्यम घराच्या डोक्यावर अठरा टन माती असते. पावसात भिजल्यावर हा आकडा आणखी वाढतो.

३. १९९३ चा भूकंप आणि या प्रश्नाचे गांभीर्य

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शासकीय गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात घालण्यात आला.

मनुष्यहानीची कारणे पाहता दोन गोष्टी पुढे येतात. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे पदर आरपार दगडांनी एकमेकांस जोडलेले नव्हते; ते सुटून ढासळले. दुसरे म्हणजे माथ्यावर मातीचा प्रचंड भार होता. भूकंपात घरावर येणारे आडवे बल वस्तुमान व त्वरण यांच्या गुणाकाराइतके असते. जमिनीचे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या केवळ एक दशांश धरले, तरी वर काढलेल्या एका खणाच्या मातीमुळे सुमारे २२५ किलोग्रॅम भाराइतके आडवे बल माथ्याच्या पातळीवर येते. मातीचा थर दोन फुटांऐवजी आठ इंच असेल तर हे बल एक तृतीयांश होते. याउलट काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिलेला आढळला. लाकूड हे माळवदाचे दुबळे अंग नसून त्यावरील माती, त्याखालील भिंत आणि या दोहोंना न जोडणारी बांधणी ही दुबळी अंगे होत.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मात्र त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याचे धोरण स्वीकारावे लागले. भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ क्रमांकाचे आणि इमारतींच्या दुरुस्ती व बळकटीकरणासाठी १३९३५ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. माळवदाचे ओझे कमी करणे, सांगाड्याच्या कोपऱ्यांना तिरपे आधार देणे आणि छत भिंतीशी जखडणे हे उपाय तेव्हापासून सर्वमान्य आहेत. या प्रत्येक उपायासाठी कुठे ना कुठे फळी उचलावी लागते. तेव्हा ती नीट उचलणे हा केवळ कारागिरीचा प्रश्न राहत नाही. घराच्या भावी सुरक्षिततेची पहिली पायरी तीच असते.

४. भार उतरविणे

काम कोरड्या दिवसांत, संक्रांतीनंतर सुरू करून मृगापूर्वी पुरे होईल असे आखावे लागते. ओली माती जड असते. शिवाय उघडे पडलेले लाकूड पावसात सापडल्यास फुगते व वेडेवाकडे होते.

माती काढण्यापूर्वी खालून धिरे द्यावयाचे असतात. धिरा फळीला न देता तुळईला व कडीला द्यावा. त्याच्या बुडाशी रुंद लाकूड घालून भार जमिनीवर पसरवावा आणि माथ्याशी दोन पाचरी समोरासमोरून सरकवून तो घट्ट करावा. पाचरी घणाने ठोकून कडी वर उचलण्याचा मोह टाळला पाहिजे. धिऱ्याचे काम कडीला खाली येऊ न देण्याचे आहे, तिला सरळ करण्याचे नव्हे. वर्षानुवर्षे वाकलेली कडी भाराखाली सरळ करू पाहिल्यास ती तडकते.

माती थराथराने आणि सर्व खणांवरून सारखी उतरविली पाहिजे. एक खण पूर्ण मोकळा करून शेजारच्या खणावर ढीग घालणे ही नेहमी घडणारी व सर्वांत घातक चूक होय. तीमुळे एका तुळईवरील भार दुप्पट होतो आणि खांब एका अंगाला झुकतो. माती घमेल्यांनी थेट जमिनीवर उतरवावी. ती भिंतीलगत रचू नये, कारण तिचा दाब भिंतीला आत रेटतो.

वरच्या थरासाठी कुदळ व टिकाव ही हत्यारे योग्य आहेत. शेवटची वीतभर माती उरली की ती बाजूला ठेवून खोरे, आणि अखेरच्या चार बोटांसाठी खुरपे वापरावे. टिकावाचे टोक मातीत नक्की किती खोल गेले हे दिसत नाही आणि एका घावाने शंभर वर्षांची फळी फुटते. या मातीत विंचू, साप व वटवाघळांची विष्ठा यांचा संभव असतो. म्हणून हातमोजे, जाड पादत्राणे आणि नाका-तोंडावर मुखपट्टी यांना हत्यारांइतकेच महत्त्व आहे.

५. फळीची बांधणी ओळखणे

उघड्या पडलेल्या फळ्या झाडून घेतल्या की त्या कशाने धरल्या आहेत याची पाहणी करावयाची असते. साधारणतः चार प्रकार संभवतात. पहिल्यात फळ्या कड्यांवर नुसत्या ठेवलेल्या असून मातीच्या भारानेच जागी राहिलेल्या असतात. दुसऱ्यात लोहाराने घडविलेल्या चौकोनी खिळ्यांनी त्या कड्यांना ठोकलेल्या असतात. तिसऱ्यात एका फळीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत गेलेली असते. चौथ्यात फळीची टोके तुळईच्या अंगातील खाचेत बसविलेली असतात.

पहिल्या प्रकारात माती काढताच फळी सुटी होते, आणि म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे. भार असेपर्यंत स्थिर असलेली फळी भार जाताच पायाखालून सरकते. अशा माळवदावर चालताना कड्यांच्या रेषेवर आडवी टाकलेली फळकुटे वापरावीत. तिसऱ्या प्रकारात एकही फळी सुटी निघू शकत नाही. प्रथम एक जीभ कापावी लागते. चौथ्या प्रकारात फळी सरळ वर न उचलता आधी एका अंगाला सरकवावी लागते.

लाकडाची स्थितीही याच वेळी पाहावी. पटाशीचे टोक दाबले असता ते सहज आत गेले, किंवा मोगरीने ठोकले असता बद्द आवाज आला, तर आत वाळवी किंवा कूज आहे असे समजावे. भिंतीत गेलेली टोके, पन्हाळीजवळचा भाग आणि साण्याची कड या जागा प्रथम नासतात. खिळ्यांचे ठिकाण दिसत नसेल तर चुंबक फिरविल्यास ते कळते. शेवटी प्रत्येक फळीवर व तिच्या कडीवर गेरूने क्रमांक आणि दिशादर्शक बाण घालून त्याचा आराखडा कागदावर उतरवून घ्यावा. हाताने घडलेल्या फळ्या एकसारख्या नसतात; एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

६. फळी उचलणे

फळी उचलण्याचे हत्यार म्हणताच पहारीचे नाव पुढे येते. तिच्या बलाचा हिशेब केल्यास सावधगिरीचे कारण समजते. चार फूट लांबीच्या पहारीचा टेकू टोकापासून दोन इंचांवर असेल तर लांब भुजा ४६ इंच व आखूड भुजा २ इंच, म्हणजे बल २३ पट होते. मजुराने २० किलोग्रॅम जोर लावला तर टोकाशी ४६० किलोग्रॅम बल येते, आणि ते फळीच्या एका अरुंद जागेवर एकवटते. गंजलेला खिळा सुटण्यापूर्वी फळीच उभी चिरते. पहार उपयोगी आहे ती तुळया व कड्या हलविण्यासाठी. फळीसाठी हातभर लांबीची चपटी सळई किंवा रुंद पात्याची छिन्नी घ्यावी, आणि एका जागी अधिक जोर देण्याऐवजी अनेक जागी थोडा थोडा जोर द्यावा.

यासाठी दोन छिन्न्या लागतात. पहिली फळीच्या कडेखाली कडीच्या जवळ सारावी आणि तिच्याखाली लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच दाबावी. फळी बोटाच्या पेराइतकी उचलली गेली की त्या फटीत दुसरी छिन्नी किंवा पाचर घालून पहिली पुढच्या कडीकडे न्यावी. असे करीत फळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जावयाचे असते. खिळा डोके वर काढीत नसेल तर किंचित उचललेली फळी मोगरीने पुन्हा खाली ठोकावी. बहुधा खिळा जागीच राहून त्याचे डोके पृष्ठभागावर येते आणि ते अंबुराने धरता येते. अंबुराच्या जबड्याखाली पातळ लाकूड ठेवल्यास फळीवर वळ उमटत नाही.

गंजाने फुगलेले खिळे याने निघत नाहीत. लोखंड गंजताना त्याचे आकारमान वाढते व ते लाकडात रुतून बसते. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात खिळ्याभोवती काळे वलय पडून लाकूडही ठिसूळ होते. सागात हा त्रास कमी असतो. अशा वेळी तीन मार्ग आहेत. खिळ्याचे डोके उडवून तो सुंब्याने फळीतून खाली ठोकणे हा पहिला. फळी व कडी यांमधील फटीत लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते घालून खिळा तेथेच कापणे हा दुसरा. खिळ्याभोवती बारीक छिद्रे पाडून लाकूड मोकळे करणे हा तिसरा. फळी पुन्हा वापरावयाची असेल तर दुसरा मार्ग श्रेयस्कर, कारण त्यात फळीला इजा होत नाही.

पहिली फळी कोणती निवडावी? आधीच तडकलेली, आखूड किंवा भिंतीच्या कडेची. तिचा बळी देऊन शेजारच्या फळीची कड मोकळी होते आणि तेथून पुढे प्रत्येक फळी अखंड निघू शकते. काढलेल्या फळ्या सावलीत, सपाट, मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या ठेवून रचाव्यात.

७. फळी कापणे

शक्य असेल तेथे फळी कापू नये. कापणे आवश्यक असेल तर छेद कोठे घ्यावा हे आधी ठरवावे, कशाने घ्यावा हे नंतर. दोन सारख्या गाळ्यांवर अखंड गेलेली फळी मधल्या कडीवर कापली, तर तिच्या दोन स्वतंत्र फळ्या होतात. दोन्ही गाळ्यांवर समान भार असताना फळीतील कमाल नमन-आघूर्ण तेवढेच राहते. मात्र तिची वाक सुमारे अडीचपट होते. हाच छेद दोन कड्यांच्या मध्ये घेतला तर दोन्ही तुकडे अधांतरी लोंबतात. म्हणून छेद कडीच्या मध्यरेषेवरच असावा. कडी इतकी अरुंद असेल की दोन्ही टोकांना प्रत्येकी पाऊण इंचही टेकू मिळत नाही, तर फळी कडीच्या अंगालगत कापून कडीला बाजूने आधारपट्टी जोडावी व टोक तिच्यावर टेकवावे. शेजारच्या फळ्यांचे छेद एकाच कडीवर ओळीने येऊ न देता आळीपाळीने वेगवेगळ्या कड्यांवर घ्यावेत. एरवी त्या रेषेवर संपूर्ण छत दुभंगते.

करवतीचे दाते दोन प्रकारचे असतात. तंतूंच्या दिशेने चिरण्याच्या करवतीचा दाता पटाशीसारखा सरळ धारेचा असून तो तंतू सोलत जातो. तंतूंना आडवे कापण्याच्या करवतीचा दाता सुरीसारखा तिरप्या धारेचा असून तो आधी तंतू तोडतो. पहिलीला इंचात पाच-सहा दाते पुरतात. दुसरीला आठ ते दहा असावेत. चिरण्याच्या करवतीने आडवा छेद घेतल्यास खालच्या बाजूला लाकूड फाटते. सागात सिलिकाचे सूक्ष्म कण असल्यामुळे साध्या पोलादाचे दाते त्यात लवकर बोथट होतात, ही गोष्ट सागाचे काम करणारा प्रत्येक सुतार जाणतो.

विजेवर चालणारी गोल करवत लांब छेदासाठी उपयुक्त आहे. मात्र तिच्या पात्याची खोली फळीच्या जाडीइतकीच ठेवली पाहिजे, नाहीतर खालची कडी कापली जाते आणि कडीची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. चार इंच उंचीच्या कडीत अर्ध्या इंचाचा चर पडला तर त्या ठिकाणी सुमारे एक चतुर्थांश ताकद कमी होते. दडलेला खिळा लागल्यास हे हत्यार उसळून मागे येते. जागच्या जागी, भिंतीलगत किंवा जीभ कापण्यासाठी बारीक पात्याचे थरथरणारे विद्युत्‌ यंत्र किंवा हातकरवत अधिक सुरक्षित ठरते. नंतरच्या काळात वीज घेतलेल्या घरांत तारा कड्यांच्या बाजूने नेलेल्या असतात. म्हणून कोणताही छेद घेण्यापूर्वी मुख्य कळ बंद करणे अपरिहार्य आहे. असे असेल तर विद्युत्‌ हत्यारासाठी वीज दुसरीकडून घ्यावी लागते, आणि जेथे ती सोय नाही तेथे हातकरवत हेच उत्तर होय.

काढलेला तुकडा पुन्हा त्याच जागी बसवावयाचा असेल तर छेद सरळ न घेता किंचित कलता घ्यावा. मग तुकडा झाकणासारखा बसतो आणि करवतीने खाल्लेल्या लाकडामुळे पडलेली फटही झाकली जाते.

८. पुनर्बांधणी

फळी परत बसविताना ती पूर्वीसारखी नुसती ठेवणे योग्य नव्हे. प्रत्येक कडीवर तिला दोन खिळे द्यावेत. एका खिळ्याभोवती फळी फिरू शकते. दोन खिळे ते फिरणे रोखतात. सर्व फळ्या अशा जखडल्या आणि त्यांवर कर्णरेषेत लोखंडी पट्ट्या ठोकल्या की माळवद एका ताठ पटलासारखे काम करू लागते व आडवे बल सगळ्या खांबांवर आणि भिंतींवर वाटले जाते. जुन्या सागाला खिळा ठोकण्यापूर्वी सामत्याने छिद्र पाडावे, विशेषतः टोकाशी. अन्यथा फळी चिरते. वर पाणी न झिरपणारे प्लास्टिकचे अस्तर घातल्यास मातीचा थर पातळ ठेवता येतो, आणि दरवर्षी नवी माती टाकण्याची गरज राहत नाही. हे शेवटचे कलम घरमालकास समजावून सांगितले नाही, तर काही वर्षांतच माळवद पूर्वीइतके जड होते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो.

९. समारोप

भूकंपाच्या आठवणीने लाकूड व माती यांविषयी भीती निर्माण झाली आणि अनेक माळवदे मोडून त्यांचे लाकूड विकले गेले. ज्या कुटुंबांना नवे घर बांधणे शक्य नाही, ती आजही माळवदाखाली राहतात. त्यांच्या दृष्टीने माळवद मोडणे आणि माळवद उकलणे यांतील भेद मोठा आहे. मोडण्यास पहार पुरते. उकलण्यास धिरा, खुरपे, दोन छिन्न्या, अंबूर, योग्य दात्यांची करवत आणि कामाचा ठरलेला क्रम लागतो. यांपैकी एकही वस्तू दुर्मिळ वा महाग नाही. क्रम मात्र शिकावा व शिकवावा लागतो, आणि गावोगावच्या सुतारांकडील ज्ञानाची पद्धतशीर नोंद करून त्याची स्थापत्यशास्त्राशी सांगड घालणे हे मराठवाड्यातील अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य होय.